पेरूचा पाला

तुळजापूर,
गुरुवार, दि. ४ ऑगस्ट १९८३

तीर्थस्वरूप शरणबसप्पा काका यांना,

तुमच्या रीतीनं शरणार्थ, आमच्या रीतीनं नमस्कार. दोन्ही पाठवते, म्हणजे एक तरी पोचेल. काकूंनाही सांगा.

मुरूमचा पत्ता इथल्या कापडदुकानदार कल्याणप्पांनी दिला. म्हणाले, "अक्का, नुसतं नाव लिहा आणि मुरूम लिहा. तिथं त्यांना कोण वळखत न्हाई?" म्हणजे तुम्ही तिथंही इथल्यासारखेच चारचौघांत उठून दिसता आहात. ऐकून बरं वाटलं.

पत्र पाहून दचकू नका. अक्षर ओळखलं असेलच. पाटीवर तुम्हीच गिरवून घेतलं होतं, भाऊंचं अक्षर कोंबडीच्या पायाचं म्हणून. दहा वर्षांनी लिहिते आहे, पण ती तसली बातमी नाही. भाऊ आहेत.

मी ठीक आहे. मागच्या वर्षी मुख्याध्यापिका झाले. शाळेत दोनशे मुली आणि एक नळ, त्यामुळे माझा आवाज तुम्ही ऐकला होता त्याहून मोठा झाला आहे. पाऊस यंदा बरा आहे. अंगणातला पेरूही आहे.

आता भाऊंविषयी. आम्ही मुलं वडिलांना भाऊ म्हणतो, आई 'अहो' म्हणायची, कचेरीत नारायणराव म्हणायचे, आणि नाऱ्या म्हणणारे या जगात तुम्ही एकटे. तर तुमच्या नाऱ्याला जूनच्या अखेरीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. सोलापूरला बारा दिवस ठेवून घरी आणलं. गिळता येतं, माणसं ओळखतात, डावा हात चालतो. वाचा मात्र गेली आहे, एक शब्द सोडून. तो शब्द 'चार'.

चहा दिला, चार. कूस बदलली, चार. मी शाळेतून आले की माझ्याकडे डोळे लावून, अगदी स्पष्ट, "चार."

घरात प्रत्येकानं आपापला चार ऐकला. माझा भाऊ व्यंकट पुण्याहून आला होता, त्याला चार धाम ऐकू आले. बापाला बद्रीनाथला कसं न्यायचं याची तो दोन दिवस चौकशी करत होता. वहिनीला आईच्या चार बांगड्या ऐकू आल्या. शेजारच्या पुजारीबुवांना चार अभिषेक. सरुबाई भाऊंना तेल लावायला येते, तिनं तर सरळच सांगितलं, "अवो बाई, चार माणसं मागाय लागलेत मालक. खांद्याला."

मी म्हटलं, "सरुबाई, तू तेल लाव."

"लावतेच की. म्या आपलं ऐकू आलं ते बोलले."

मी पडले मास्तरीण. शब्द अर्धा राहिला की पुढचा भाग शोधायचा, हा माझा रोजचा धंदा. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार नव्हे हो. चारमिनार!

काका, त्या करोडगिरी नाक्याच्या गोष्टी मी तुम्हा दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्या आहेत की आपण स्वतः तिथं बाकावर बसलो होतो असंच मला वाटतं. सोलापूर रस्त्यावर निजामाची हद्द संपायची तिथं जकात घ्यायची पत्र्याची एक खोली. भाऊ टेबलाशी उर्दूत नोंदी करायचे, तुम्ही काट्यापाशी माल तोलायचे. पलीकडं इंग्रजाचा कलदार रुपया, अलीकडं निजामाचा हाली. तुम्ही सिगारेटींचीही तशीच वाटणी केली होती. सोलापुराहून आली ती कलदारी, हैदराबादहून आली ती हाली.

भाऊ हाली. जन्मभर पिवळं पाकीट, चारमिनार, दुसरं काही नाही. तुम्ही कलदारी. तुमचा पासिंग शो, वरती उंच टोपीवाला साहेब, एका डोळ्याला काच लावलेला. तुम्ही म्हणायचे, "नाऱ्या, तुझी चारमिनार वढणं म्हंजे चुलीत तोंड घालून श्वास घेणं." भाऊ म्हणायचे, "आणि तुझा टोपीवाला म्हणजे भाताची वाफ. दम नाही म्हणून तर साहेब देश सोडून चालला." या एका वाक्यावर तुम्ही दोघं पंधरा वर्षं हसत होता. तेवढ्यात साहेब गेला, निजाम गेला, नाका उठला, भाऊ तहसिलीत चिकटले, तुम्ही दुकान काढलं. वाक्य तेच.

पगाराच्या आधीच्या आठवड्यात दोघांत मिळून एकच सिगारेट उरायची. तिथं नाइलाजानं हाली-कलदारीचा वाद नसे. ब्राह्मण आणि लिंगायत; एकमेकांच्या घरी पाणी घेतानाही माणसं दहा बाजूंनी बघायची, असा तो काळ. उष्टं होऊ नये म्हणून तुम्ही मुठीतून ओढायचे. करंगळीच्या फटीत सिगारेट खोचायची आणि अंगठ्याच्या बाजूनं मुठीला तोंड लावून धूर खेचायचा. पुढं उष्ट्याची लाज गेली, मूठ राहिली. आमच्या अंगणात बसूनही तुम्ही दोघं शेवटपर्यंत मुठीतूनच ओढत होता. मी शाळेत पेन्सिल तशी धरून दाखवली होती आणि बाईंची छडी खाल्ली होती.

आणि पिणं. शिंदीविषयी तुमचं मत मला तोंडपाठ आहे. उजाडता गोड, ऊन चढता आंबट, आणि दुपारी भांडखोर. म्हणून शहाण्या माणसानं तिला सकाळीच भेटावं. मोहाची तुम्हाला आवडायची, भाऊंना नाही. ते म्हणायचे तिला गोठ्याचा वास येतो. दसऱ्याला सोलापूरहून ब्रँडीची बाटली यायची, ती औषधाच्या कपाटात खोकल्याच्या बाटलीशेजारी उभी राहायची, आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तुम्हा दोघांना खोकला असायचा. मग सोलापूरकडे दारूबंदी आली, आपल्याकडे यायची होती. त्या काही वर्षांत सोलापूरकरांची देवीवरची भक्ती कशी अचानक वाढली, मंगळवारच्या गाड्या कशा भरून यायच्या, ते तुम्ही सांगावं आणि आईनं आतून "पुरे!" म्हणून ओरडावं.

पिताना तुम्ही डाव्या हातानं छातीवरची लिंगाची चांदीची डबी सदऱ्यावरून झाकून धरायचे. मी एकदा विचारलं होतं का. तुम्ही म्हणाला होता, "देवाला कशाला तरास?" आणि नंतर वास घालवायची तुमची जी युक्ती होती, ती इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

माझी स्थळं आठवतात? मुलगा बघायला भाऊ तुम्हाला न्यायचे आणि तुम्ही हळूच पाकीट पुढं करायचे. लातूरच्या त्या मुलानं कानाला हात लावला, "छे छे, कधी शिवलो नाही." तुम्ही घरी येऊन म्हणालात, "नाऱ्या, पोराची बोटं हळदीसारखी पिवळी हायत. वढतो म्हणून न्हाई, खोटं बोलतो म्हणून नगं." असे तुम्ही माझे तीन नवरे नापास केलेत. मला त्याचं दुःख नाही. खोटं न बोलणारा चौथा आलाच नाही, एवढंच.

कबुलीच द्यायची तर एक देते. छप्पन साली तुमच्या कोटाच्या खिशातून एक टोपीवाला गेला होता. तो मी घेतला. मी आणि माझी मैत्रीण चंद्रप्रभा, दोघींनी गोवऱ्यांच्या ढिगामागं ओढला. ती ओकली. मी नाही.

असो. तर चारमिनार. डॉक्टरांनी विडीकाडी बंद सांगितली आहे. मी तीन दिवस विचार केला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अर्धं शरीर गेलेलं, भाषेतला एकच शब्द हाताशी उरलेला आणि तो शब्द मागणीचा. आपण नाही म्हणणारे कोण? चौकातल्या पानाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "एक चारमिनार, एक काडेपेटी." यात्रेकरूंची गर्दी होती. दुकानदाराची धाकटी माझ्याच शाळेत तिसरीत आहे. तो म्हणाला, "बाई, कोणासाठी?" मी म्हटलं, "मला." त्यापुढं काय विचारणार?

भाऊंचे ओठ एका बाजूनं लोंबतात, त्यांना धूर खेचून सिगारेट पेटवता येत नाही. म्हणून दुसऱ्यानं पेटवावी लागते. छप्पन सालानंतर मी पहिला झुरका घेतला, पेटलेली त्यांच्या ओठांत डावीकडे धरली, आणि काका, त्यांच्या चेहऱ्याची जी अर्धी बाजू जिवंत आहे ती हसली. सगळी नाही ओढली. अर्ध्यावर तोंड फिरवलं. तशी ही त्यांची जुनीच खोड, गेली काही वर्षं अर्धी ओढून विझवायची आणि थोटूक खिडकीत ठेवायचं. मी त्याला काटकसर म्हणायचे.

हे सगळं लिहायचं कारण, तुम्ही एकदा या. झालं ते झालं, कुणाचं चुकलं याला आता काय अर्थ आहे. सकाळी मुरूमहून निघालात तर साडेदहाच्या गाडीनं इथं पोचाल. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. काकूंना आणा.

वाट पाहते.

तुमची,
प्रमोदिनी


तुळजापूर,
शनिवार, दि. २७ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप काका,

शाळेत मी मुलींना शिकवते, वडिलांना तीर्थरूप लिहायचं आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. वर मुद्दाम चूक केली आहे. का, ते पत्र संपेपर्यंत कळेल. कळल्यावर तुम्ही ती खोडलीत तरी चालेल.

तुमचं कार्ड पोचलं. पाच ओळी आहेत. "पत्र पावले. नारायणरावांस आराम पडो ही शिवचरणी प्रार्थना. येणे होणार नाही. ज्याने मित्राच्या घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर काढली, त्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही असे मी ठरविले आहे. तू लेकीसारखी आहेस, तुझ्यावर राग नाही."

पहिल्या चार ओळी मी सहन केल्या. पाचवी नाही झाली.

मागच्या पत्रात मी खूप बोलले. शिंदी, मोहाची, टोपीवाला, चोरलेली सिगारेट. छोटी चोरी कबूल केली की मोठीकडं कोणी पाहत नाही, हे वर्गात मुली माझ्यावर रोज करून बघतात. मीही तेच केलं. तुमची वास घालवायची युक्ती लिहायची टाळली, कारण ती लिहिली असती तर पुढचं लिहावं लागलं असतं. आता लिहिते.

पेरूचा पाला. पिऊन झालं की आमच्या अंगणातल्या पेरूची दोन कोवळी पानं तोडायची, चघळायची आणि मग घरी जायचं. काकूंनी विचारलं तर, "दातांना चांगला असतो." तेवीस वर्षं काकूंनी ते खरं मानलं.

त्र्याहत्तरचा चैत्र आठवा. दुसरं वर्ष कोरडं. आठवड्यातून दोनदा टँकर येई. आमची शाळा बंद ठेवून आम्हा मास्तरणींना खडीच्या कामावर पाठवलं होतं, तिथल्या बायकांच्या मुलांना सुकडी वाटायला. त्या दिवशी मी पहाटे रांगेत उभी राहून दोन घागरी आणल्या, एक वापरायची, एक प्यायची. प्यायची तांब्याच्या घागरीत गाळून ठेवली आणि कामावर गेले. तिथं एक पोर माझ्या हाताला लागलेलं ओलं पीठ चाटत होतं. मी त्याला पाणी देऊ शकले नाही, डबा तळाला गेला होता.

दुपारी घरी आले. तुम्ही दोघं अंगणात. भाऊंचं परमिट, सरकारनं 'प्रकृतीकरिता' दिलेलं. रमची बाटली. तुम्ही म्हणालात, "ये प्रमोदिनी, आज तुझ्या बापानं माझा चेअरमनकीचा अर्ज लिव्हलाय!" सहकारी ग्राहक भांडाराची निवडणूक होती, तुम्ही बिनविरोध येणार होता, खुशीत होता. मी आत गेले. तांब्याची घागर अर्धी झाली होती. गाळलेलं पाणी, तुम्ही रममध्ये घातलं होतं.

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर तासाभरात काकू आल्या. दाढ दुखत होती, गाल हातानं धरला होता. तुम्हीच इतकी वर्षं सांगत आला होता ना, पेरूचा पाला दातांना चांगला. म्हणून पाला उकळून चुळा भरायला त्या आमच्याकडं आल्या. झाडाकडं पाहून म्हणाल्या, "अगं, खालच्या फांद्या पार बोडक्या की. दुष्काळानं व्हय?"

मी म्हणाले, "दुष्काळानं नव्हे काकू, काकांनी. दारूचा वास पेरूच्या पानानं जातो. नसेल पटत तर काकांना विचारा."

तोंडातून सुटलं असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले. सुटलं नाही. मी शब्द निवडून बोलले. दारू दोघांनी प्यायली होती, पाणी दोघांनी घातलं होतं, आणि मी शिक्षा एकालाच होईल असं बोलले, कारण दुसरा माझा बाप होता.

काकूंनी गालावरचा हात काढला. जाता जाता दारात थांबल्या. "प्रमोदिनी, तू सांगितलंस हे मी इसरले. लग्नाच्या पोरीचं नाव असल्या भांडणात येऊ ने." मी बत्तीस वर्षांची होते, काका. तरी त्या मला लग्नाची पोर म्हणाल्या. तुम्हाला त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण इतक्या वर्षांत माझं नाव सांगितलं नाही हे तुमच्या पाचव्या ओळीवरून कळतं. तेव्हा मी म्हटलं होतं, काकांना विचारा. आज म्हणते, काकूंना विचारा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तीन दिवस काकूंनी अन्न सोडलं. तुम्ही मठात चार लोकांसमोर उभे राहिलात, शपथ घेतली, भांडाराचा अर्ज मागं घेतला. त्यानंतर तुम्ही आमच्या दारात आलात. मी दाराआड होते, हातात पिठाची चाळण होती. तुम्ही बसला नाहीत.

"नाऱ्या, तुझ्या घरातनं गोष्ट गेली. कुणी सांगितलं?"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "मी."

"का?"

"सुटलं तोंडातून."

"तीस वर्सांत न्हाई सुटलं ते?"

तुम्ही पायरीवर थुंकणार होता, मी पाहिलं. थुंकला नाहीत. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि गेलात. ज्येष्ठात दुकान उचलून मुरूमला, काकूंच्या माहेरी गेल्याचं आम्हाला कल्याणप्पांकडून कळलं.

भाऊ मला एक शब्द बोलले नाहीत. रागानं नव्हे. त्या विषयाचा एकही शब्द नाही. बाटली कपाटात ठेवली ती अजून तशीच आहे. मीच एकदा विचारलं, "घेत नाही का?" म्हणाले, "दोघांनी घेतली तर गप्पा. एकट्यानं घेतो तो दारुडा." आणि त्या उन्हाळ्यात, थेंबाथेंबाला मोल होतं तेव्हा, ते रोज सकाळी पेरूच्या बुंध्याशी उभे राहून तोंड धूत असत. चूळ भरलेलं पाणी झाडाला. वास लपवायला आता कुणी येणार नव्हतं, तरी झाड जगवलं. आज त्याला इतका पाला आहे की खिडकीतून अंधार येतो.

मी तेव्हाच मुरूमला येऊन सांगू शकले असते. गेली दहा वर्षं रोज सकाळी साडेआठची गाडी होती. मी दोनशे मुलींना खरं बोला म्हणून सांगते, आणि स्वतः त्या गाडीत बसले नाही. भीती तुमच्या रागाची नव्हती. मी सांगितलं असतं तर भाऊंचं एक 'मी' खोटं ठरलं असतं. तुम्ही खोटं बोलणाऱ्याला पास करत नाही, हे मला माझ्या स्थळांवरून माहीत होतं. असं मी स्वतःला समजावत होते. खरं एवढंच, की त्यांनी पांघरूण घातलं, ते ऊबदार होतं, आणि मी झोपले.

आता दुसरी गोष्ट, आणि ती पहिल्याहून मोठी आहे.

मागच्या पत्रात मी ऐटीत लिहिलं, चार म्हणजे चारमिनार. सिगारेट दिल्यावर शब्द थांबायला हवा होता ना? थांबला नाही. दोन झुरके घेऊनही "चार". मला वाटलं, चार सिगारेटी मागतात. सरुबाई म्हणाली, "बगा, म्या म्हनलं न्हवतं? शिग्रेट न्हवं, चार माणसंच."

मग मी मोजायला लागले. पेटवते, ओठात धरते. एक. दोन. तीन. चार. आणि तोंड फिरवतात. दुसऱ्या दिवशी चार, तोंड डावीकडं. तिसऱ्या दिवशी चार. कधी पाचवा नाही. मी म्हणते, "भाऊ, अजून आहे, घ्या की." ते रागानं मान हलवतात आणि त्या लोखंडी खुर्चीकडं बघतात. ती खुर्ची कुणाची, हे मी तुम्हाला सांगायला नको. बसल्यावर तिचा एक पाय वाजायचा आणि तुम्ही रोज म्हणायचे, "नाऱ्या, उद्या हिचा पाय बशीव."

काल मी जळती सिगारेट हातात धरून त्यांच्या समोर बसले आणि शाळेत विचारते तसं विचारलं. "भाऊ, हे चार तुमचे?"

डोळे मिटून उघडले. हो.

"मग उरलेले?"

त्यांनी डावा हात उचलला. त्या हाताचीही आता मेहनतच आहे. बोटं एकेक करून मिटली, करंगळीशी फट ठेवली, अंगठ्याशी भोक ठेवलं. ती मूठ त्यांनी खुर्चीच्या दिशेनं धरली आणि म्हणाले, "चार."

डॉक्टर या मुठीला आकडी म्हणाले होते. मी महिनाभर तिला तेल लावून सोडवत होते.

चार तुझे, चार माझे. काका, तुम्ही हे मला कधी सांगितलं नव्हतं की सांगितलं होतं आणि मी विसरले? नाक्यावरच्या त्या एकट्या सिगारेटीचा हाच हिशेब होता ना? आणि खिडकीतली ती अर्धी थोटकं, दहा वर्षांची, मी काटकसर म्हणून हसत होते ती. ते रोज तुमचे बाजूला काढून ठेवत होते.

सरुबाई म्हणाली, "जळून वाया चाललीय बाई. तुमीच वढा की ऱ्हायलेली." मी नाही ओढली. पेटवायला लागतो तेवढा एक झुरका घेते, तो माझ्या कामाचा. बाकीचे माझे नव्हेत. मी एकदा तुमच्या वाट्यातलं घेऊन पाहिलं आहे.

मी क्षमा मागत नाही, म्हणजे कागदावर मागत नाही. कागदावर माझं अक्षर फार चांगलं येतं, ते तुम्हीच वळण लावलेलं, त्यानं सगळंच खरं वाटतं. तुम्ही समोर या, माझ्यावर ओरडा, गल्ली ऐकू दे, मुख्याध्यापिका बाई मान खाली घालून उभ्या आहेत हे माझ्या मुलींनाही दिसू दे. भाऊंना मी काल सगळं सांगितलं, की आता काकांना लिहिते आहे, तुमचं 'मी' मागं घेते आहे. त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. थोपटलं की ढकललं, हे नीट कळलं नाही. त्या हाताला आता दोन्ही सारखंच जमतं.

उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही असं तुम्ही ठरवलं आहे. ते मोडू नका. उंबरा माझ्यामुळं बाटला, तो तुम्ही ओलांडावा असं मी म्हणणार नाही. मीच भाऊंची खाट उंबऱ्याबाहेर आणली आहे. मी आणि सरुबाई, दोघींनी उचलली. सरुबाई म्हणाली, "दोघीच पुरलो की. चार माणसं कशाला लागत्यात?" सुट्टीच्या दिवशी नऊपासून, आणि शाळा असेल तेव्हा मी मधल्या सुट्टीत घरी आले की, खाट पेरूखाली असते, लोखंडी खुर्ची शेजारी. तिचा पाय मी बसवून घेतला नाही. तो वाजलाच पाहिजे.

शपथ घेतलेली आहे, दारूचं मी बोलत नाही. सिगारेटची शपथ घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काकू सोबत आल्या तर त्यांनीच सांगावं, चालेल की नाही.

साडेदहाच्या गाडीचा आवाज इथं ऐकू येतो. तो आला की भाऊ मूठ मिटतात.

तुमच्या चार झुरक्यांवर राखण बसलेली,
तुमची लेक म्हणवून घ्यायला अजून उभी असलेली,

प्रमोदिनी